खामकाठची सफवी लेक

मकई दरवाजातून बाहेर पडून खाम नदीचा पूल ओलांडला की बेगमपुरा लागतो. उत्तरेला औरंगाबाद लेण्यांचा डोंगर, त्याच्या पायथ्याशी विद्यापीठ, अलीकडे नागसेनवनातली मिलिंद महाविद्यालयाची झाडी. या सगळ्यांच्या मधोमध पांढरा घुमट आणि चार मिनार उभे आहेत. छत्रपती संभाजीनगरात ‘बीबी का मकबरा’ असं पूर्ण नाव सहसा कुणी घेत नाही, नुसतं ‘मकबरा’ म्हटलं की रिक्षावाला निघतो. शाळेच्या सहलीपासून लग्नाआधीच्या फोटोंपर्यंत मराठवाड्यातल्या किती तरी घरांच्या अल्बममध्ये हा घुमट मागे उभा असलेला दिसेल.

या वास्तूची ओळख मात्र ठरून गेली आहे. दख्खनचा ताज, ताजची नक्कल, फसलेला ताज. पर्यटक येतो, आग्र्याशी तुलना करतो, मिनार जरा जवळ आल्यासारखे वाटतात म्हणतो आणि वेरूळच्या गाडीत बसतो. ही कबर कुणाची, असं विचारलं तर ‘औरंगजेबाच्या बायकोची’ एवढंच उत्तर मिळतं. त्या बाईचं नाव दिलरस बानू. तिची कहाणी मराठी माणसाला माहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं, कारण तिच्या पोटची मुलं शिवशाहीच्या आणि शाहूकाळाच्या इतिहासात जागोजागी येतात. आपण ती प्रकरणं वाचतो, पण ही सगळी एकाच आईची लेकरं होती आणि ती आई आपल्याच मातीत निजलेली आहे, हे ध्यानात येत नाही.

दिलरस जन्मानं मुघल नव्हती. तिचं घराणं इराणच्या सफवी राजवंशाची एक शाखा. सफवी सत्तेचा संस्थापक शाह इस्माईल हा तिच्या वडिलांचा थेट पूर्वज. तिचे आजोबा मिर्झा रुस्तम कंदाहारच्या बाजूला राज्य करत होते. तिथल्या भाऊबंदकीला आणि उझबेकांच्या दबावाला कंटाळून ते १५९३ मध्ये बादशहा अकबराच्या आश्रयाला आले आणि मुलतानची जहागीर घेऊन इथलेच झाले. रुस्तमचा मुलगा बदीउज्जमान याला ‘शाहनवाज खान’ हा किताब मिळाला, दिलरस ही त्याची मुलगी. मुघल दरबारात इराणी उमराव पुष्कळ होते, पण राजरक्ताचे थोडे. त्यामुळे या घरातल्या मुली थेट शाहजाद्यांना दिल्या जात. दिलरसची एक बहीण औरंगजेबाच्या धाकट्या भावाला, मुरादबक्षला दिली होती.

लग्न झालं १६३७च्या मे महिन्यात, आग्र्याला. औरंगजेब तेव्हा अठरा वर्षांचा होता आणि दख्खनचा सुभेदार. लग्नानंतर जोडपं दक्षिणेत आलं आणि पुढल्याच वर्षी, फेब्रुवारी १६३८ मध्ये, पहिली मुलगी दौलताबादला जन्मली. तीच पुढे फारसी कवयित्री म्हणून नावाजलेली झेबुन्निसा. तिच्यामागून झीनतुन्निसा, १६५१ मध्ये मुलतानला झुबदतुन्निसा, १६५३ मध्ये बुऱ्हाणपूरला आझम आणि शेवटी अकबर. मुलांच्या जन्मगावांवरूनच आईचं आयुष्य कसं गेलं ते कळतं. नवऱ्याची बदली होईल तिकडे जनानखान्याचे हत्ती, पालख्या आणि तंबू निघत. त्या काळातल्या शाही बायकांचं संसाराचं ठिकाण म्हणजे बहुतेक वेळा छावणीच असे.

तिच्या स्वभावाची एक खूण आपल्यापर्यंत पोहोचली आहे. औरंगजेबाच्या आठवणींचा एक फारसी संग्रह आहे. त्यात म्हातारा बादशहा आपल्या नातवाला, आझमच्या मुलाला, बायकोशी कसं वागावं ते सांगतो. त्या नातवाची बायको सफवी घराण्यातली आणि मानी होती. आजोबा सांगतो तो मथितार्थ असा, की तरुणपणी माझीही गाठ अशाच विलक्षण करारी बाईशी पडली होती, पण ती असेपर्यंत मी तिच्यावर प्रेम केलं आणि एकदाही तिचं मन दुखावलं नाही. सख्ख्या भावांना मारणाऱ्या आणि बापाला कैदेत ठेवणाऱ्या माणसानं हे सांगावं, यातच दिलरसचा दबदबा दिसतो. शाह इस्माईलचं रक्त मुघलांपुढे झुकणारं नव्हतं, आणि नवऱ्यानं ते जाणलं होतं.

तिचं शेवटचं वर्ष १६५७. मराठी इतिहासातही हे वर्ष गजबजलेलं आहे. एप्रिलअखेर शिवाजी महाराजांनी मुघलांच्या जुन्नरवर छापा घातला आणि पाठोपाठ अहमदनगरच्या मुलखात धुमाकूळ घातला. औरंगजेब त्या वर्षी आदिलशाहीच्या बीदर आणि कल्याणी या किल्ल्यांना वेढे घालून बसला होता. सप्टेंबरात दिल्लीला शाहजहान आजारी पडला आणि चारी भावांचं लक्ष तख्ताकडे लागलं. याच धामधुमीत, ११ सप्टेंबरला, औरंगाबादेत दिलरसला मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं अकबर. बाळंतपणानं ती खंगली ती उठलीच नाही. ८ ऑक्टोबर १६५७ला ती गेली. बाळाला अजून महिनाही पूर्ण झाला नव्हता.

चारच महिन्यांत नवरा दख्खन सोडून तख्ताच्या लढाईला निघाला. म्हणजे दिलरस कधीच बादशहाबेगम झाली नाही, एका सुभेदार शाहजाद्याची बायको म्हणूनच ती गेली. ‘राबिया-उद-दौरानी’, आपल्या युगाची राबिया, हा किताब तिला मरणोत्तर मिळाला.

तिच्या वडिलांचं पुढे जे झालं ते वाचताना पोटात कालवतं. शाहनवाज खानानं बापाविरुद्ध उठलेल्या जावयाला साथ द्यायला नकार दिला, तेव्हा १६५८च्या मार्चमध्ये औरंगजेबानं सासऱ्याला बुऱ्हाणपूरच्या किल्ल्यात कैद केलं. मुलीला जाऊन सहा महिनेही झाले नव्हते. पुढे त्याला सोडून गुजरातची सुभेदारी दिली गेली. पण औरंगजेबाचा थोरला भाऊ दारा शुकोह पळत गुजरातेत पोहोचला तेव्हा शाहनवाज खान त्याला जाऊन मिळाला, आणि १६५९ मध्ये अजमेरजवळ देवराईच्या लढाईत दाराच्या बाजूनं लढताना मारला गेला.

सासरा जावयाच्या फौजेशी लढताना पडला, आणि त्याच काळात इकडे खामकाठी त्याच्या मुलीच्या कबरीवर घुमट चढत होता.

मकबरा कुणी बांधला? थोरला मुलगा आझमशाह यानं आईच्या आठवणीसाठी बांधला, असं सर्रास सांगितलं जातं. वर्षांचा हिशेब त्याला आड येतो. आई गेली तेव्हा आझम चार वर्षांचा होता, आणि प्रवेशद्वारावर १६६१ हे साल कोरलेलं आहे, म्हणजे काम झालं तेव्हा तो फार तर आठ वर्षांचा. वास्तूला पैसा आणि हुकूम औरंगजेबाचाच असणार. आझमनं मोठेपणी डागडुजी केली असेल, तिची देखरेखही केली असेल. आईच्या नावाशी मुलाचं नाव जोडावंसं लोकांना वाटलं, हे मी समजू शकते, पण तिथं येणाऱ्या शाळकरी मुलांना तरी वर्षं नीट सांगायला हवीत.

प्रवेशद्वाराकडे मात्र घाईनं पाहू नका. लाकडी दारावर पितळी पत्रा जडवला आहे आणि त्यावर वेलबुट्टी उठवली आहे. त्याच पितळेवर दोन नावं आहेत, रचनाकार अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय. एवढ्या मोठ्या वास्तूवर कारागिरांची नावं असणं ही दुर्मीळ गोष्ट. अताउल्ला हा ताजमहालाचा रचनाकार उस्ताद अहमद लाहोरी याचा मुलगा, म्हणून ताजचं साम्य इथं घरातूनच आलेलं आहे. पण या अताउल्लाची मराठी माणसानं लक्षात ठेवावी अशी ओळख वेगळीच आहे. तो गणिती होता आणि भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथाचं फारसी भाषांतर त्यानं १६३४-३५च्या सुमारास करून शाहजहानला अर्पण केलं होतं. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवानं मठ स्थापल्याचा १२०७चा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण इथं आहे. मकबऱ्यापासून निघून कन्नडचा घाट उतरलं की ते ठिकाण फार लांब नाही. भास्कराचार्यांची समीकरणं फारसीत नेणारा माणूस त्याच डोंगररांगेच्या अलीकडे एका सफवी बेगमेची कबर उभारायला आला, या योगायोगानं मी प्रत्येक वेळी थक्क होते.

खर्चाचा आकडाही नोंदलेला आहे, सहा लाख अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये आणि सात आणे. ताजवर तीन कोटींच्या वर खर्च झाला असं मानलं जातं. मकबऱ्यावर काटकसरीचा ठपका येतो तो या दोन आकड्यांवरून. पण साल विसरू नये. हे बांधकाम चाललं होतं तेव्हा चार भावांचं युद्ध पेटलं होतं आणि लाखोंच्या फौजा पोसल्या जात होत्या. संगमरवर उत्तरेकडून बैलगाड्यांवर आणावा लागे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाताना अशा तीनशे गाड्यांचा ताफा पाहिल्याचं लिहितो. त्यातल्या सगळ्यात लहान गाडीला बारा बैल जुंपले होते. म्हणून संगमरवर जिथं नजर आणि हात पोहोचतो तिथं, भिंतीच्या खालच्या पट्ट्याला, आणि वर घुमटाला लावला. मधला भाग इथल्याच काळ्या बेसॉल्ट दगडाचा आणि त्यावर गुळगुळीत पांढरा गिलावा. या गिलाव्यावर पानाफुलांची जी नक्षी उमटवली आहे ती पाहायला लोक थांबत नाहीत याचं मला वाईट वाटतं. संगमरवरात जडावकाम करणं हे श्रीमंतीचं काम, ओल्या चुन्यात पाकळी उठवणं हे हाताचं. दख्खनचे कारागीर चुन्याच्या कामात शतकानुशतकं मुरलेले होते आणि मकबऱ्याच्या भिंतींवर तेच दिसतं. गिलाव्याला ऊन-पाऊस सोसत नाही, तो काळवंडतो, निखळतो, त्याला सतत जपावं लागतं. ही वास्तू नाजूक आहे ती यामुळे.

दक्षिणेच्या दारातून आत गेलं की लांबलचक मार्ग, मधोमध कारंज्यांचा पाट आणि दोन्ही बाजूंना जाळीच्या भिंती. परिसर दक्षिणोत्तर सुमारे ४५८ मीटर आणि पूर्व-पश्चिम २७५ मीटर. ताजमध्ये कबर बागेच्या टोकाला, नदीवर आहे. इथं ती बागेच्या मधोमध आहे, म्हणजे चारी बाजूंनी हिरवळ आणि मागे डोंगर. उरलेल्या तीन भिंतींच्या मध्यावर बारादऱ्या आहेत. चौथऱ्यावर पश्चिमेला एक मशीद आहे, ती निजामाच्या काळात जोडलेली. तिनं मूळचा तोल थोडा ढळवला हे खरं.

आत गेल्यावर नजर खाली जाते. कबर वरच्या मजल्यावर नाही, खाली तळघराच्या पातळीवर आहे, आणि आपण वरून सज्जात उभं राहून तिच्याकडे पाहतो. भोवती अष्टकोनी संगमरवरी जाळी आहे. लोक वरून नाणी आणि नोटा टाकतात. कबर मातीची आहे, वर दगड नाही, नुसती चादर असते. इराणच्या राजवंशातली, सुभेदाराच्या जनानखान्यातली ही करारी बाई उघड्या मातीखाली आहे. नवऱ्याचीही कबर खुलताबादला अशीच उघडी, पण तिच्यावर घुमट नाही.

आता तिच्या मुलांकडे वळते, कारण मला खरं सांगायचं आहे ते तिथंच.

अकबराला जन्म देऊन ती गेली त्याच वर्षी, चार महिने आधी, १४ मे १६५७ला, पुरंदरावर संभाजी महाराजांचा जन्म झाला होता. सईबाईंचं आजारपण त्या बाळंतपणापासूनच सुरू झालं आणि ५ सप्टेंबर १६५९ला त्या गेल्या. दोन्ही घरांत आईवेगळी मुलं वाढली, तिकडे बहिणींच्या देखरेखीत, इकडे जिजाऊसाहेबांच्या मायेत. चोवीस वर्षांनी या दोघांची गाठ पडली. १६८१च्या जानेवारीत अकबरानं राजस्थानात बापाविरुद्ध बंड करून स्वतःला बादशहा म्हणवून घेतलं. बंड फसलं आणि दुर्गादास राठोड त्याला घेऊन जूनमध्ये कोकणात उतरला. संभाजी महाराजांनी त्याला सुधागडाच्या पायथ्याशी, पालीजवळ, ठेवून घेतलं आणि १३ नोव्हेंबरला तिथंच दोघांची भेट झाली. महाराजांविरुद्ध कट करणाऱ्यांनी अकबराला आपल्या बाजूला ओढायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यानं त्यांचं पत्र महाराजांकडे पाठवून दिलं, असं इतिहास सांगतो. आश्रय देणाऱ्याशी तो बेइमान झाला नाही. औरंगजेब दख्खनेत उतरला त्याला जी कारणं होती, त्यात हा मुलगा मोठं कारण होता. मार्च १६८२ मध्ये बादशहा औरंगाबादेत आला. बायकोच्या कबरीपासून कोसाच्या आत राहून तो तिच्याच धाकट्या मुलाला पकडण्याचे बेत आखत होता. तो पुन्हा उत्तरेत गेला नाही.

या बंडाची झळ थोरल्या बहिणीलाही लागली. झेबुन्निसानं अकबराला लिहिलेली पत्रं सापडली. तिचा तनखा बंद झाला आणि दिल्लीच्या सलीमगडात तिला कोंडण्यात आलं. तिथंच १७०२ मध्ये ती गेली. दौलताबादला जन्मलेली, आईची ही पहिली मुलगी वीस वर्षं कैदेत होती, कारण तिनं आईवेगळ्या भावाला पत्रं लिहिली होती.

अकबर १६८७ मध्ये राजापूरहून जहाजानं इराणला निघून गेला. तो पोहोचला इस्फहानला, शाह सुलेमान सफवीच्या दरबारात, म्हणजे आईच्याच कुळाच्या दारात. तिथं त्याला मानपान मिळाला, पण बापाविरुद्ध फौज मिळाली नाही. तो परतला नाही. बापाच्या आधीच त्याचा मृत्यू झाला.

११ मार्च १६८९ला औरंगजेबानं संभाजी महाराजांची हत्या केली. त्या वर्षअखेरीस रायगड पडला आणि येसूबाई बाल शाहूसह मुघल छावणीत कैदी झाल्या. त्यांची राहण्याची सोय झाली ती बादशहाच्या डेऱ्याजवळ, आणि त्यांची काळजी घेतली झीनतुन्निसानं, दिलरसच्या दुसऱ्या मुलीनं. तिनं लग्न केलं नाही. बापाच्या म्हातारपणात छावणीचा जनाना तिच्याच हातात होता. सतरा-अठरा वर्षं शाहू तिच्या नजरेखाली वाढले. कैद ती कैदच, आणि बापानं केलेल्या हत्येची भरपाई मुलीच्या मायेनं होत नाही. तरी येसूबाईंना आणि शाहूंना त्या छावणीत माणूस म्हणून वागवणारं कुणी होतं, ही नोंद पुसली जाऊ नये. झीनत पुढे १७२१ पर्यंत जगली, दिल्लीत दर्यागंजला तिनं बांधलेली मशीद आजही आहे. येसूबाईंची सुटका १७१९ मध्ये, म्हणजे झीनतच्या हयातीतच झाली.

आणि आझम? ३ मार्च १७०७ला भिंगारच्या छावणीत औरंगजेब मेला, तेव्हा आझमनं अहमदनगरला स्वतःला बादशहा जाहीर केलं आणि तो उत्तरेला निघाला. वाटेत, भोपाळजवळ दोराह्याला, १७०७च्या मेमध्ये शाहू महाराजांची सुटका झाली. आझमचा त्यात राजकीय हिशेब होता, शाहू परतले की ताराबाईंच्या बाजूचे मराठे विभागले जातील. पुढल्या महिन्यात जाजऊच्या लढाईत तो आणि त्याचा तोच मुलगा, ज्याला आजोबानं बायकोच्या मानीपणाचा धडा दिला होता, दोघं मारले गेले. मधल्या बहिणीचं, झुबदतुन्निसाचं, लग्न दारा शुकोहच्या मुलाशी झालं होतं, ज्या दारासाठी तिचे आजोबा लढत पडले होते.

एका बाईच्या पाच मुलांनी एवढा इतिहास व्यापला. त्यातल्या एका मुलाला आश्रय देणाऱ्या राजाचं नाव आज या शहराला आहे, आणि तो मुलगा याच शहरात जन्मला होता. मकबऱ्यात उभं राहून हे सांगितलं तर औरंगजेबाचं कौतुक होईल अशी भीती बाळगायचं कारण नाही. त्यानं काय केलं ते आपण विसरलेलो नाही आणि विसरणार नाही. पण दिलरस १६५७ मध्येच गेली होती. संभाजी महाराजांच्या हत्येच्या पापात तिचा हात नाही, आणि बापाविरुद्ध उठलेला मुलगा तिचाच होता.

जायचं असेल तर हिवाळ्यात सकाळी जावं. रेल्वे स्टेशनपासून मकबरा चार-पाच किलोमीटरवर आहे आणि शहरातून कुठूनही रिक्षा मिळते. भारतीय पुरातत्त्व खात्याचं तिकीट काढावं लागतं. समोरचा फोटो काढून लगेच परतू नये. उत्तरेच्या बाजूला जाऊन डोंगर मागे ठेवून घुमटाकडे पाहावं, चुन्यातली फुलं जवळून पाहावीत, पितळी दाराशी अताउल्ला आणि हंसपतराय यांची नावं शोधावीत. मग खामकाठानं पाणचक्कीकडे उतरावं. दुपारी दौलताबादचा किल्ला करावा, झेबुन्निसा तिथली. आणि पुढल्या वेळी कोकणात पालीला गणपतीच्या दर्शनाला गेलात, तर सुधागडाच्या वाटेवर धोंडसे गाव विचारावं. अकबराचा मुक्काम त्याच परिसरात होता.